मास्ट पेशी आणि ॲलर्जी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगावर गांधी उठणं, सकाळी उठल्याउठल्या लागोपाठ शिंका येणं, कोळंबी खाल्ल्यावर ओठ सुजणं, मधमाशी चावल्यावर रक्तदाब कोसळणं. या तक्रारी घेऊन माणसं वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जातात, पण बहुतेक वेळा त्यांची सुरुवात एकाच पेशीपासून झालेली असते. तिच्याविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. हे वाचून स्वतःच्या मनाने औषध सुरू किंवा बंद मात्र करू नका.

मास्ट पेशी म्हणजे काय? त्या रक्तात असतात का?

रक्तात जवळजवळ नसतातच, त्यामुळे सीबीसीच्या रिपोर्टमध्ये त्यांचा आकडा शोधू नका. अस्थिमज्जेत त्यांचा जन्म होतो, पण कोवळ्या असतानाच त्या रक्तातून निघून त्वचा, नाक, श्वासनलिका, आतडी अशा ठिकाणी जातात आणि तिथेच वाढून मुक्काम ठोकतात. शरीराचा बाहेरच्या जगाशी जिथे संबंध येतो तिथे त्यांची दाटी जास्त. त्यातही बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंची टोकं यांना लागूनच त्या बसलेल्या असतात. खाज, सूज आणि लाली एकदमच का येतात, याचं निम्मं उत्तर या जागेत आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली ही पेशी दाण्यांनी खच्चून भरलेल्या डाळिंबासारखी दिसते. हिस्टामिन, हेपारिन, ट्रिप्टेज आणि कायमेज ही विकरं, शिवाय टीएनएफ नावाचा संदेशवाहक रेणू, हा सगळा साठा त्या दाण्यांत आधीच तयार असतो. प्रतिकारशक्तीच्या बऱ्याच पेशींना धोका ओळखल्यावर तयारीला तास किंवा दिवस लागतात. मास्ट पेशीला काही मिनिटं पुरतात.

शोध कोणी लावला?

जर्मनीत पॉल एर्लिश या तरुणाने १८७८ साली आपल्या प्रबंधात या पेशींचं वर्णन केलं. कापड रंगवण्यासाठी निघालेले ॲनिलिनचे नवे रंग तो ऊतींवर वापरून बघत होता. काही पेशींचे दाणे रंगाची मूळ छटाच बदलून टाकतात, हे त्याच्या लक्षात आलं. या पेशी आसपासच्या ऊतींना पोसत असाव्यात असा त्याचा कयास होता, म्हणून ‘खाऊ घालून पुष्ट करणं’ या अर्थाच्या जर्मन शब्दावरून त्याने त्यांना ‘मास्ट’ हे नाव दिलं. कयास चुकीचा ठरला, नाव मात्र टिकलं. दाण्यांत हिस्टामिन असतं हे कळायला १९५३ उजाडलं; स्कॉटलंडमध्ये डंडी इथे जेम्स रायली आणि जेफ्री वेस्ट यांनी ते दाखवलं. म्हणजे पेशी सापडल्यापासून तिचं मुख्य शस्त्र कळेपर्यंत पाऊणशे वर्षं गेली.

ॲलर्जी होते तेव्हा नेमकं काय घडतं?

कोळंबीचं उदाहरण घेऊ. एखाद्याच्या शरीराने कोळंबीतल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाला शत्रू ठरवलं, की त्याविरुद्ध आयजीई जातीचे प्रतिपिंड (अँटिबॉडी) तयार होतात. रक्तात आयजीई अगदी थोडं असतं आणि दोन-तीन दिवसांत निम्मं होतं. मास्ट पेशीच्या पृष्ठभागावरच्या खास रिसेप्टरमध्ये, म्हणजे संदेश घेणाऱ्या खाचेत, बसलेलं आयजीई मात्र कित्येक आठवडे टिकतं. आता पेशी सज्ज झाली. पुढच्या वेळी ते प्रथिन आलं आणि त्याने शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकत्र जोडलं, की पेशीच्या आत कॅल्शियम चढतं आणि दाण्यांतला माल बाहेर पडतो.

हिस्टामिन रक्तवाहिन्या रुंद करतं, म्हणून लाली. त्यांच्या भिंतींतून पाणी झिरपू लागतं, म्हणून सूज. मज्जातंतूंच्या टोकांना ते चेतवतं, म्हणून खाज आणि शिंका. काहींच्या त्वचेवर नखाने रेघ ओढली तर दोन-चार मिनिटांत तिथे उंचवटा येतो. हे सगळं नाटक त्या रेघेत उघड्या डोळ्यांनी दिसतं.

पण प्रकरण हिस्टामिनवर संपत नाही. दाणे रिकामे होत असतानाच पेशी प्रोस्टाग्लँडिन डी-२ आणि ल्युकोट्रिन हे नवे पदार्थ बनवू लागते. श्वासनलिका आवळण्यात ल्युकोट्रिनचा मोठा वाटा असतो, म्हणून दम्यात फक्त हिस्टामिनला अडवणाऱ्या सिट्रिझिनने भागत नाही. पुढच्या काही तासांत ती इतर पेशींना, विशेषतः इओसिनोफिलना, बोलावण्याचे निरोप धाडते. दुपारी धुळीत काम केलं आणि छाती रात्री भरून आली, असं होतं ते या दुसऱ्या लाटेमुळे.

लहानपणापासून खातोय, कधी काही झालं नाही. मग आताच कसं?

ॲलर्जीला ओळख आधी व्हावी लागते. आयजीई तयार होण्यासाठी शरीराने तो पदार्थ आधी पाहिलेला असावा लागतो, आणि ही ओळख पन्नाशीतही बिघडू शकते.

ॲलर्जी रक्तातल्या कशामुळे तरी होते, याचा पुरावा १९२१ मध्ये फार धाडसाने मिळवला गेला. हाइन्त्स क्युस्टनर या जर्मन डॉक्टरांना माशाची ॲलर्जी होती. त्यांच्या रक्ताचा द्राव त्यांचे सहकारी कार्ल प्राउसनित्स यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे गांध उठली. रक्तातला तो ‘काहीतरी’ म्हणजे आयजीई, हे १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत काम करणारं इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधले योहान्सन व बेनिश यांनी स्वतंत्रपणे शोधून काढलं. स्वतःवर प्रयोग करण्याची ती पद्धत आज कोणतीही एथिक्स समिती मंजूर करणार नाही, आणि ते बरंच आहे.

आणखी एक गुंता असतो. काहींना नुसता गहू चालतो, नुसता व्यायामही चालतो. पण पोळी खाऊन तासाभरात धावायला गेलं की अंगभर गांधी उठतात, प्रसंगी चक्कर येऊन पडायला होतं. व्यायामाऐवजी वेदनाशामक गोळी किंवा दारू यांची जोड मिळाली तरी काहींना असंच होतं. म्हणून ‘काल हेच खाल्लं होतं, काही झालं नाही’ एवढ्यावरून त्या पदार्थाला निर्दोष ठरवता येत नाही.

या पेशी नुसता त्रासच देत असतील तर शरीराने ठेवल्यात कशाला?

मला यातला सगळ्यात आवडता प्रश्न हाच. मास्ट पेशी अजिबात नाहीत असा माणूस वैद्यकाला अजून भेटलेला नाही. पाठीचा कणाही नसलेल्या समुद्री ॲसिडियन प्राण्यांत हिस्टामिन आणि हेपारिन बाळगणाऱ्या तशाच पेशी सापडतात. प्रतिपिंड बनवणारी यंत्रणा उत्क्रांत होण्याआधीपासूनच्या या पेशी, ॲलर्जी घडवण्यासाठी नक्कीच टिकून राहिलेल्या नाहीत.

जंतूंपासून सुरुवात करू. १९९६ मध्ये दोन गटांनी दाखवलं, की मास्ट पेशी नसलेले उंदीर पोटातल्या जंतुसंसर्गाला सहज बळी पडतात, कारण टीएनएफ सोडून जंतू गिळणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींना बोलावणारं तिथे कोणी नसतं. मात्र ते उंदीर किट या जनुकातल्या बिघाडामुळे मास्ट पेशींविना होते, आणि त्या बिघाडाने त्यांच्यात इतरही दोष आले होते. पुढे वेगळ्या पद्धतीने तयार केलेल्या उंदरांत काही जुने निष्कर्ष टिकले नाहीत. म्हणून ‘मास्ट पेशी अमुक रोगाला कारण’ असे मोठे मथळे वाचताना प्रयोग कोणत्या उंदरांवर झाला होता, हे जरूर पाहावं.

जंतांविरुद्धचं काम जास्त सरळ आहे. आतड्यात स्राव वाढवायचे, हालचाल वाढवायची, अस्तर थोडं सैल करायचं आणि जंताला बाहेर ढकलायचं. जुलाब, उलटी, शिंक, खोकला, डोळ्यांतून पाणी: ॲलर्जीची ही सगळी लक्षणं खरं तर काहीतरी बाहेर फेकून देण्याच्या क्रिया आहेत.

मग येतं विष. २००६ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं, की मास्ट पेशीतलं कार्बॉक्सिपेप्टिडेज हे विकर काही सापांच्या विषातले घटक तोडतं. ज्या पेशी विषाचा परिणाम वाढवतात असा समज होता, त्या उंदराला वाचवत होत्या. पुढे मधमाशीच्या आणि आपल्याकडच्या घोणसाच्या विषावरही काम झालं. आधी थोडं विष टोचून आयजीई तयार झालेले उंदीर नंतरच्या मोठ्या मात्रेत जास्त संख्येने वाचले. हे उंदरांपुरतं आहे. साप चावल्यावर माणसाने प्रतिविष असलेल्या दवाखान्याकडेच धावायचं.

आणि सगळ्यात गमतीचं २०२३ चं. अंड्यातल्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्या उंदरांपुढे साधं पाणी आणि ते प्रथिन मिसळलेलं पाणी ठेवलं, तर ते साध्या पाण्याकडे जात. आयजीई किंवा मास्ट पेशी नसलेले उंदीर मात्र तेच पाणी खुशाल पीत. म्हणजे नावड शिकवण्यातही या पेशीचा हात आहे. एखादं मूल अमुक पदार्थ समोर आला की हटकून तोंड फिरवत असेल, तर प्रत्येक वेळी त्याला हट्टीपणा म्हणू नये असं मला वाटतं. एकदा डॉक्टरांच्या कानावर घालावं.

अंगावर पित्त उठतं ते ॲसिडिटीमुळे का?

नाही. घरोघरी अंगावर पित्त उठलं की आंबट बंद, वांगं बंद, सकाळी गार दूध सुरू. पण गांधी येतात त्या त्वचेतल्या मास्ट पेशींनी हिस्टामिन सोडल्यामुळे; जठरातल्या आम्लाचा त्यात हात नसतो.

गोंधळ वाढवणारी एक गोष्ट मात्र खरी आहे. जठरात आम्ल तयार व्हायलाही हिस्टामिनच लागतं. तिथला रिसेप्टर एच-२, आणि त्वचेतल्या खाजेचा मुख्यतः एच-१. फॅमोटिडिनसारखी ॲसिडिटीची गोळी एच-२ अडवते, आणि काही डॉक्टर ती गांधींवरही जोडीला देतात. चिठ्ठीवर ती दिसली म्हणून ‘बघा, पोटाचंच होतं’ असं समजू नका.

आमसुलाचं पाणी लावल्याने बरं वाटतं का? वाटतं खरं. गार पाण्याने खाज तात्पुरती दबते. ज्यांना थंडीनेच गांधी उठतात त्यांनी तेही टाळावं. ओठ, जीभ किंवा घसा सुजत असेल तर आमसुलात वेळ घालवू नये.

दोन महिन्यांपासून रोज गांधी उठतायत. कशाची ॲलर्जी असेल?

बहुधा कशाचीच नाही. ऐकायला विचित्र वाटेल, पण सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ जवळजवळ रोज, कारणाशिवाय गांधी उठत असतील तर तो जुनाट उत्स्फूर्त अर्टिकेरिया, म्हणजे आपोआप गांधी उठण्याचा आजार, असण्याची शक्यता जास्त. यात बऱ्याच रुग्णांचं शरीर स्वतःविरुद्धच प्रतिपिंड बनवतं. काहींचे प्रतिपिंड थेट मास्ट पेशीच्या रिसेप्टरला किंवा त्यावरच्या आयजीईला पकडतात, तर काहींचं आयजीईच स्वतःच्या थायरॉइडमधल्या प्रथिनाविरुद्ध असतं. ट्रिगर आतच बसलेला असताना ताटातला एकेक पदार्थ काढत जाऊन काय मिळणार? वजन उतरतं आणि घरात रोज वाद होतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांनी काही रुग्णांचा त्रास खरोखर वाढतो, तेव्हा पथ्य पाळायचंच तर आधी या गोळ्यांचं पाळावं.

उपचार म्हणजे झोप न आणणारं अँटिहिस्टामिन, रोज, ठरल्या वेळी. गांधी उठल्यावर घ्यायचं नाही, उठू नयेत म्हणून घ्यायचं. एका गोळीने भागलं नाही तर डॉक्टर मात्रा चौपटीपर्यंत नेऊ शकतात. त्यानेही नाही तर आयजीईला बांधून ठेवणारं ओमालिझुमॅब हे इंजेक्शन आहे. अमेरिकेत त्याला २००३ मध्ये दम्यासाठी, २०१४ मध्ये या आजारासाठी आणि २०२४ मध्ये अन्नाच्या ॲलर्जीसाठी मान्यता मिळाली. आपल्याकडेही ते मिळतं, किंमत मात्र अनेकांना झेपत नाही.

बांगडा खाल्ला आणि तोंड लाल झालं, डोकं ठणकलं. मासळीची ॲलर्जी समजायची का?

लगेच नको. बांगडा, सुरमई, कुपा या मासळीच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. पकडल्यावर बर्फ कमी पडला तर जंतू त्याचं हिस्टामिन करतात. ते हिस्टामिन शिजवून, तळून, तिरफळ घालूनही नष्ट होत नाही. इथे मास्ट पेशी निर्दोष आहे. हिस्टामिन बाहेरून ताटातच आलं. ओळखायची खूण म्हणजे त्याच कालवणातून खाल्लेल्या आणखी कोणाला तसंच झालं का. पुढच्या वेळी ताजा बांगडा खाऊन काही होत नसेल तर कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाने आयुष्यभर मासे सोडण्याचं कारण नाही. मात्र त्रास फक्त तुम्हालाच झाला असेल, तर स्वतःच खाऊन पाहण्याऐवजी आधी तपासणी करावी.

गाजर गवताने अंगाला पुरळ येते, तीही मास्ट पेशींमुळेच?

ती नाही. १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं हे गवत पुढे देशभर पसरलं. त्यातल्या पार्थेनिनमुळे चेहरा, मान आणि हातांवर येणारा जाडसर, चिवट त्वचादाह टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या वेगळ्या पेशींचा असतो. तो एक-दोन दिवसांनी उमटतो आणि आठवडेच्या आठवडे राहतो. मास्ट पेशीची एकेक गांध बहुधा चोवीस तासांच्या आत डाग न ठेवता जाते. म्हणून गाजर गवताच्या पुरळीवर अँटिहिस्टामिनचा फारसा उपयोग होत नाही. त्याच गवताच्या परागकणांनी नाक वाहत असेल, तर ती मात्र मास्ट पेशीची करामत.

सलाइनमधून अँटिबायोटिक चालू असताना मान-छाती लालबुंद झाली. पुन्हा कधीच घ्यायचं नाही का?

औषध कोणतं यावर ठरतं. मास्ट पेशीला आयजीईशिवायही एक दार आहे, एमआरजीपीआरएक्स-२ नावाचा रिसेप्टर. व्हँकोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, भूल देताना स्नायू शिथिल करणारी काही औषधं ही थेट त्या दारातून पेशीला चेतवू शकतात. २०१५ च्या संशोधनाने हा मार्ग स्पष्ट केला. इथे आधीच्या ओळखीची गरज नसते, त्यामुळे पहिल्याच डोसला त्रास होऊ शकतो, आणि तो पुष्कळदा मात्रेवर व वेगावर अवलंबून असतो. व्हँकोमायसिन तासाभराहून जास्त वेळ घेऊन हळूहळू सोडलं तर अनेकांना पुढे चालतं. पेनिसिलिनची खरी आयजीई ॲलर्जी वेगळी. तिथे हळू सोडून भागत नाही. हा फरक डॉक्टरांनी करायचा. तुमचं काम एवढंच, की औषधाचं नाव, किती वेळाने काय झालं, हे कागदावर लिहून घ्यायचं. ‘कसलंतरी इंजेक्शन सोसलं नाही’ ही माहिती पुढे कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

ॲनाफिलॅक्सिस कशी ओळखायची आणि काय करायचं?

शरीरभरच्या मास्ट पेशी एकदम रिकाम्या झाल्या की ही अवस्था येते. गांधी किंवा सूज, आणि त्यासोबत दम लागणं, आवाज बसणं, उलट्या, चक्कर यांपैकी काही. किंवा ज्याची ॲलर्जी माहीत आहे त्याच्या संपर्कानंतर काही मिनिटांत नुसता रक्तदाब पडणं. कित्येकांच्या त्वचेवर काहीच दिसत नाही, तेव्हा गांधींची वाट पाहू नका.

औषध एकच: ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. मात्रा वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्या माणसात जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम, गरज पडली तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा. एव्हिल (अँटिहिस्टामिन) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टिरॉइड) ही आपल्याकडची लाडकी जोडी नंतर द्यायला हरकत नाही, पण त्यांनी आवळलेला घसा आणि पडलेला रक्तदाब वेळेत सावरत नाही. ॲड्रेनलिनची साधी ॲम्प्युल स्वस्त असते. स्वतः टोचायचं पेन मात्र आपल्याकडे सहज मिळत नाही. म्हणून आधी तीव्र झटका येऊन गेला असेल तर घरापासून सर्वांत जवळ ॲड्रेनलिन कुठे मिळेल, हे आजच विचारून ठेवा. रुग्णाला आडवं झोपवून पाय वर घ्या. दम लागत असेल तर बसू द्या, पण एकदम उभं करून चालवू नका.

ट्रिप्टेजची तपासणी कशासाठी?

झटका खरोखर मास्ट पेशींचा होता का, हे पाहण्यासाठी. हिस्टामिन रक्तातून मिनिटांत नाहीसं होतं, ट्रिप्टेज काही तास सापडतं. रक्त झटक्यानंतर शक्यतो दोन तासांत, फार तर चार तासांत घ्यावं, आणि सगळं शांत झाल्यावर, किमान चोवीस तासांनी, पुन्हा घ्यावं. तुलनेशिवाय एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही: मूळ पातळीच्या १.२ पटीत २ मिळवून येणाऱ्या संख्येपेक्षा झटक्याच्या वेळचा आकडा जास्त हवा. अन्नाच्या ॲलर्जीत तो न वाढताही झटका खरा असू शकतो.

इंटरनेटवर वाचून मला मास्ट सेल ॲक्टिव्हेशन सिंड्रोम आहे असं वाटतं.

थकवा, डोकेदुखी, पोट फुगणं, विसराळूपणा एवढ्यावरून हे निदान होत नाही. वारंवार येणारे झटके, ते एकाच वेळी दोन किंवा अधिक अवयवसंस्थांत, त्या वेळी वाढलेलं ट्रिप्टेज आणि औषधाने पडणारा फरक, असं सगळं जुळावं लागतं. तुमचा त्रास खोटा आहे असं कोणी म्हणत नाही; पण चुकीचं नाव लागलं की खरं कारण शोधणं थांबतं.

मास्टोसायटोसिस हा वेगळा आणि दुर्मीळ आजार. त्यात मास्ट पेशींची संख्याच वाढते. प्रौढांत बहुतेक वेळा किट जनुकात डी-८१६-व्ही हा बदल सापडतो. लहान मुलांत हा आजार बहुधा त्वचेपुरता असतो: तपकिरी डाग, चोळले की फुगणारे. वयात येईपर्यंत अनेकांचे ते विरतात. शांत असतानाही ट्रिप्टेज दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या वर असेल, किंवा मधमाशी-गांधीलमाशीच्या डंखाने शुद्ध हरपली असेल, तर याचा विचार व्हायला हवा.

शंभर पदार्थांचं ॲलर्जी पॅनल करून घेऊ का?

पैसे वाचवा. रक्तात आयजीई सापडलं म्हणजे ॲलर्जी झाली असं नाही. काहीही त्रास न होता शेंगदाणे खाणाऱ्यांतही ते सापडतं. एकूण आयजीई तर नुसत्या जंतांनीही चढतं. आयजीजी या प्रतिपिंडांच्या दुसऱ्या जातीवर आधारलेली ‘फूड इन्टॉलरन्स’ची पॅनलं त्याहून निरर्थक, कारण आपण जे खातो त्याचं आयजीजी बहुतेकांत असतंच. आधी हकीकत, मग तिच्यातून संशय आलेल्या दोन-चार गोष्टींचीच तपासणी. त्वचेवरच्या टेस्टला जायचं असेल तर अँटिहिस्टामिन साधारण आठवडाभर आधी थांबवावं लागतं, नाहीतर सगळंच निगेटिव्ह येतं. किती दिवस आणि कोणती औषधं थांबवायची, ते टेस्ट करणाऱ्यांनाच विचारा. दम्याचा पंप मात्र बंद करायचा नाही.